चौथऱ्याखालची जमीन

16 एप्रिल 2025 या एकाच दिवशी महाराष्ट्रात दोन प्रार्थनास्थळे पाडली गेली. नाशिकला काठे गल्लीतला सातपीर दर्गा भल्या पहाटे, मोठ्या बंदोबस्तात पाडला गेला. त्याआधी रात्री तिथे जमाव जमला होता, दगडफेक झाली होती, पोलीस जखमी झाले होते. त्याच दिवशी मुंबईत विलेपार्ले पूर्वेला एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारातले पार्श्वनाथ दिगंबर जैन मंदिर महापालिकेने पाडले. दोन्हीकडे पालिकेचे म्हणणे एकच होते: बांधकाम अनधिकृत आहे, नोटीस दिली होती, कारवाई कायद्याने झाली. भाविकांचे म्हणणेही दोन्हीकडे एकच होते: आम्ही कोर्टात गेलो होतो, थोडे थांबला असता तर काय बिघडले असते? पार्ल्यात उच्च न्यायालयाची स्थगिती आली तेव्हा भिंती बऱ्याचशा उतरल्या होत्या. नाशिकच्या नोटिशीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तोवर दर्गा उरलाच नव्हता. विश्वस्तांची याचिका उच्च न्यायालयात वेळेवर सुनावणीला का आली नाही, याचा अहवाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने मागवला. पार्ल्यात पुढे मोठा मोर्चा निघाला आणि त्या विभागाच्या सहायक आयुक्तांना पदावरून हलवण्यात आले.

या दोन घटना इथे मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. एरवी त्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या रागाने वाचल्या. नाशिकची बातमी वाचून संतापलेल्यांतल्या अनेकांना पार्ल्याची कारवाई रास्त वाटली असेल, आणि उलटही. एकत्र वाचल्या की मात्र एक गोष्ट लख्ख दिसते. दोन्ही ठिकाणी कायदा आला तो जेसीबीबरोबर, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत तो कुठे होता, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषयाची हद्द आधी आखून घेतो. अयोध्या, काशी, मथुरा हे वाद इथे नाहीत. एका धर्माचे स्थान पूर्वी दुसऱ्या धर्माचे होते का, हा तिथला प्रश्न. 1991 चा प्रार्थनास्थळ कायदा त्यासाठी 15 ऑगस्ट 1947 ही तारीख धरतो. लोक त्या प्रश्नाची आणि या पुस्तकातल्या प्रश्नाची नेहमी सरमिसळ करतात आणि त्यातून बरीच आग लागते. आपल्यापुढचा प्रश्न साधा दिसणारा आणि जास्त अवघड आहे. पदपथ, रस्त्याची हद्द, बाग, शाळेच्या मैदानाचा कोपरा, लेआउटमधली ओपन स्पेस, गायरान, नदीपात्र, रेल्वेची जागा, वनजमीन. ही जमीन सगळ्यांची. तिच्यावर एका समूहाने आपले श्रद्धास्थान बांधले तर त्याचे काय करायचे?

कायद्याची आजची गोष्ट वडोदऱ्यापासून सुरू होते. 1 मे 2006 रोजी तिथल्या महापालिकेने रस्तारुंदीसाठी हजरत रशिदुद्दीन चिश्ती यांचा जुना दर्गा पाडला. शहरात दंगल उसळली, माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि सार्वजनिक जागेवरची अनधिकृत धार्मिक बांधकामे हटवण्याचा आदेश दिला. शहर पेटलेले असताना असा आदेश अमलात आणायचा म्हणजे काय, याची धास्ती केंद्र सरकारला पडली आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 4 मे रोजी त्या आदेशाला स्थगिती मिळाली. प्रकरण एका राज्याचे राहिले नाही. सगळ्या राज्यांना पक्षकार करण्यात आले. तीन वर्षांनी, 29 सप्टेंबर 2009 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला स्पष्ट आहे: यापुढे मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने रस्ते, बागा वा इतर सार्वजनिक जागांवर अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचे नाही. दुसरा भाग आधीपासून उभ्या असलेल्या बांधकामांचा. त्यांचा राज्यांनी एकेक प्रकरण तपासून निर्णय घ्यावा, आणि लवकर घ्यावा.

29 सप्टेंबर 2009 या तारखेला या विषयात आज पंचांगातल्या तिथीइतके महत्त्व आहे. आपल्या राज्याने 5 मे 2011 च्या शासन निर्णयाने राज्य, जिल्हा आणि महापालिका अशा पातळ्यांवर समित्या नेमल्या आणि 2009 पूर्वीच्या बांधकामांचे तीन वर्ग पाडले. नियमित करता येतील ती ‘अ’, पाडायची ती ‘ब’, दुसरीकडे हलवायची ती ‘क’. तारखेनंतरची सगळी सरसकट हटवायची. 2013 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुतळ्यांनाही हाच नियम लावला: रस्ते, पदपथ आणि लोकांच्या उपयोगाच्या जागांवर नव्या पुतळ्यांना परवानगी नाही. महाराष्ट्रात हा आदेश किती पाळला गेला, ते कोणत्याही शहराच्या चौकात उभे राहून पाहता येईल. 2018 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रकरण निकाली काढले आणि देखरेखीचे काम त्या त्या उच्च न्यायालयाकडे सोपवले. मुंबई उच्च न्यायालयात त्याआधीच जनहित याचिका चालू होती. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने महापालिकांना मुदती घालून दिल्या, मुदती वाढत गेल्या, आणि 2017 च्या नोव्हेंबरात नाशिकसारख्या शहरांत एकदम मोहिमा निघाल्या.

कागदावर ही रचना चांगली आहे, आणि मी ते मनापासून म्हणतो. तारीख ठरली, वर्ग ठरले, समिती ठरली, धर्म कोणताही असो नियम एकच ठरला. ती फसते कुठे, हे कळायला जमिनीच्या कागदापर्यंत खाली उतरावे लागते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे जी जमीन कोणाची नाही ती सरकारची. कलम 50 अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देते; लगेच पुढचे कलम 51 तेच अतिक्रमण नियमित करण्याचाही अधिकार देते. एकाच पानावरचे हे दोन अधिकार, आणि कोणता कधी वापरायचा ते कलेक्टर कचेरीत ठरणार. मुंबईपुरते बोलायचे तर 1888 च्या महापालिका कायद्याचे कलम 314 रस्त्यावरचा अडथळा नोटिशीशिवाय उचलू देते, तर कलम 351 मध्ये नोटीस आणि उत्तराची संधी आहे. तेव्हा एखादी घुमटी रस्त्यात आहे की रस्त्याला लागून आहे, याच्यावर तिला नोटीस मिळणार की नाही हे अवलंबून. आणि रस्त्याची हद्द कुठे संपते, हे विकास आराखड्यात एक, सिटी सर्व्हेच्या नकाशात दुसरे आणि जागेवर तिसरेच, असे आपल्या कितीतरी शहरांत आढळते.

भाविकांच्या बाजूने येणारे कागद वेगळे असतात. धर्मादाय आयुक्तांकडचे नोंदणीपत्र, लाइटबिल, पाण्याचे बिल, कधी घरपट्टीची पावती. ही सगळी फाइल विश्वस्त मोठ्या विश्वासाने समितीपुढे ठेवतात आणि तिथे त्यांना पहिल्यांदा कळते की यातल्या एकाही कागदाने जमीन आपली होत नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणी ट्रस्टची असते, जागेच्या मालकीची नव्हे. वीज कंपनी मीटर देते ते वापराला. पण विश्वस्तांना मी दोष देत नाही. सरकारच्या एका खात्याने दिवा लावून दिला, दुसऱ्याने नळ जोडला, तिसऱ्याने ट्रस्टला नंबर दिला, आमदार किंवा नगरसेवक निधीतून सभामंडप झाला आणि त्यावर नावाची पाटी लागली. मग चौथ्या खात्याने येऊन हे बेकायदा आहे असे सांगितले, तर सामान्य माणसाने कोणत्या खात्यावर विश्वास ठेवायचा?

अशा बांधकामाचे आयुष्य जवळून पाहिले की दिसते, बेकायदेपणा एका दिवसात होत नाही. वडाखाली एक दगड, त्याला शेंदूर. पावसाळ्यानंतर ओटा. मग टाइल्स, मग चोरीच्या भीतीने ग्रिल, मग दानपेटी. दानपेटी आली की मंडळ येते आणि मंडळ आले की वर्धापनदिन येतो. पत्र्याची शेड भाविकांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून पडते. एखाद्या मजारीवर आधी हिरवी चादर असते, नंतर चार खांब, नंतर घुमट, मग शेजारी वुजूची जागा आणि एक खोली. प्रत्येक पायरीवर कोणीतरी बीट मुकादम, कोणीतरी कनिष्ठ अभियंता, कोणीतरी तलाठी तिथून रोज जात असतो. पहिल्या ओट्याच्या वेळी त्याने थांबवले असते तर काम एका तासाचे होते, आणि कोणाच्या श्रद्धेला हातही लागला नसता. तो थांबवत नाही, कारण थांबवणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही हे त्याला ठाऊक असते. पार्ल्यात झालेल्या बदलीची बातमी राज्यातल्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात वाचली गेली असणार.

दरम्यान त्या जागी लग्नानंतरची पहिली पाया पडणी होते, नवस फेडले जातात, कोणाच्या तरी आजारी मुलासाठी रात्री दिवा लावला जातो. वीस वर्षांनी आपण ज्याला ‘बांधकाम’ म्हणतो ते त्या वस्तीसाठी बांधकाम राहिलेलेच नसते. प्रशासनाने गप्प बसून त्याला पावित्र्य मिळू दिले. नंतर तेच प्रशासन सहाशे पोलीस घेऊन आले काय किंवा साठ, ते उशिराच आलेले असते.

तरीही सगळी स्थळे एका मापाने मोजता येत नाहीत. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात वेशीवर मारुती आहे, शिवेला म्हसोबा, वेताळ, मरीआई आहे. इंग्रजांची मोजणी आली तेव्हा ही दैवते तिथे होतीच. मोजणीदाराने कधी त्यांची नोंद घेतली, कधी घेतली नाही. गाव शहरात आले, शीव डीपी रोडमध्ये गेली आणि म्हसोबा अतिक्रमणाच्या यादीत आला. रस्ता त्याच्याकडे चालत आला, तो रस्त्यावर आलेला नाही. मुंबईत वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांत गल्लीच्या तोंडाशी क्रॉस उभे आहेत. त्यांतले कितीतरी 1896 च्या प्लेगच्या साथीत आणि नंतर, साथ टळावी म्हणून ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांनी उभारले. दरवर्षी मे महिन्यात तिथे संध्याकाळी शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात. 2017 च्या एप्रिलमध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा असा एक जुना क्रॉस पालिकेने पाडला. जागा खासगी होती असे रहिवाशांचे म्हणणे होते. गोव्यात तर शेताच्या बांधावरचा खुरीस आणि पाणंदीतली घुमटी यांच्याशिवाय गावाची वाट सांगताच येत नाही. ही स्थळे आणि परवा-परवा सुविधा भूखंडावर एका रात्रीत पडलेला स्लॅब, दोन्ही एका तक्त्यात लिहिले की त्या तक्त्यावरचा लोकांचा विश्वास उडतो.

दुसरी बाजू गरिबीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. नव्या शहरात प्रार्थनेसाठी कायदेशीर जागा मिळवायला पैसा लागतो. नवी मुंबईत सिडको सामाजिक आणि धार्मिक वापराचे भूखंड देते, पण त्याला किंमत आहे, निविदा आहे, नोंदणीकृत संस्था लागते. ज्या समाजाकडे व्यापारी, बिल्डर, सनदी लेखापाल आहेत, त्याचे मंदिर किंवा मशीद भाडेपट्ट्याच्या जमिनीवर सुबक उभी राहते. कामासाठी स्थलांतर करून आलेल्या मजुरांच्या वस्तीला पत्र्याची शेड आणि नाल्याकाठची जागा उरते. बौद्ध वस्त्यांतले विहार पाहा. 1956 नंतर धर्म बदललेल्या, स्वतःच्या मालकीची गुंठाभर जमीन नसलेल्या लोकांनी गायरानाच्या कडेला किंवा झोपडपट्टीतल्या मोकळ्या जागेत श्रमदानाने विहार बांधले. तिथे वंदना होते, तशी मुलांची अभ्यासिकाही चालते. त्या विहाराला ‘ब’ वर्गात टाकताना समितीतल्या माणसाला काहीच वाटू नये, असे मला वाटत नाही. उलट पावणे इथल्या एमआयडीसीच्या जागेवरचे बावखळेश्वर मंदिर घ्या. ते मोठ्या आवाराचे, ऐसपैस देवस्थान होते. न्यायालयाच्या आदेशाने 2018 मध्ये ते पाडले गेले. अनधिकृत हा शब्द दोघांनाही लागतो, पण एका ठिकाणी गरज आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ताकद आहे.

इतके सगळे समजून घेतल्यावरही मी सार्वजनिक जमिनीच्या बाजूने उभा आहे. ते का, हे सांगायला महाडला जावे लागेल.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेत कळते. त्यानंतर जो दावा चालला तो कमी लोकांना ठाऊक आहे. सी. के. बोले यांच्या 1923 च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे सर्वांना खुले केले होते. सत्याग्रहानंतर सवर्ण हिंदूंनी कोर्टात धाव घेतली. त्यांचा एक दावा असा की तळे ‘चौधरी तळे’ आहे, खासगी आहे. दुसरा दावा वहिवाटीचा: अस्पृश्यांनी इथे कधी पाणी भरलेले नाही, ही पूर्वापार रूढी आहे. दहा वर्षे दावा चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेचे, आणि रूढी अनादिकालापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलेले नाही.

त्या दाव्यात आणि आजच्या पदपथावरच्या चौथऱ्यात मला एक सरळ धागा दिसतो. आम्ही इथे कायम असेच वागत आलो, म्हणून ही जागा आमच्या नियमाने चालेल, हे म्हणणे तेव्हा तळ्याच्या काठी मांडले गेले. सार्वजनिक याचा अर्थ तिथे कोर्टाने ठरवला: कोणाही एका समूहाच्या पावित्र्याच्या कल्पनेने ज्या जागेचे दार बंद होत नाही, ती. ज्यांना देवळात, घरात, विहिरीवर कुठेच जागा नव्हती त्यांना ती जागा लढून मिळाली. बागेच्या कोपऱ्यात देऊळ झाले की तिथे चपला काढून जायचे असते, कुत्रे न्यायचे नसते, मासिक पाळीतल्या बाईने जायचे नसते, दुसऱ्या धर्माच्या मुलाने क्रिकेट खेळायचे नसते. दर्ग्याभोवतीची पटांगणे आणि क्रॉसभोवतीचे कठडे यांनाही हे कमीअधिक लागू आहे. कोणी पाटी लावत नाही, पण जागा आक्रसते. पदपथावरच्या घुमटीला वळसा घालून व्हीलचेअर रस्त्यावर उतरते, अंध माणसाची काठी ग्रिलला अडते, शाळेतली पोरे बसच्या पुढ्यातून धावतात. त्यांच्या वतीने कोणी मोर्चा काढत नाही. त्यांच्यासाठी या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत भगवानजी रैयाणी यांच्या ‘जनहित मंच’ने उच्च न्यायालयात जायची हिंमत केली, याची नोंद इथे झाली पाहिजे.

वहिवाटीचा मुद्दा कायद्यातही येतो. सरकारी जमिनीचा ताबा परत मागायला सरकारला 1963 च्या मुदत कायद्यात तीस वर्षे आहेत, म्हणून तीस वर्षांहून जास्त काळ उघडपणे ताबा असल्याचे सांगून विश्वस्त प्रतिकूल कब्ज्याचा दावा करतात. न्यायालये सार्वजनिक जागेबाबत हा दावा सहसा मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. 2011 च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे, ती कितीही जुनी आणि त्यांवर कितीही खर्च झालेला असो, केवळ तेवढ्यासाठी नियमित करता येणार नाहीत असे बजावले. वक्फमध्ये लांब वापरातून वक्फ मानण्याची जी जुनी तरतूद होती ती 2025 च्या दुरुस्तीने पुढच्या काळासाठी काढली गेली. सरकारी जमिनीवरच्या जुन्या कबरी आणि मशिदींचे प्रश्न त्यामुळे अधिक नाजूक झाले आहेत. पुरावा कोणाकडे असतो, हा यातला कळीचा मुद्दा. पेशवाईतली सनद, इनामाचा कागद, गॅझेटियरमधला उल्लेख हे मोठ्या देवस्थानांकडे आणि मोठ्या दर्ग्यांकडे असतात. मरीआईच्या पुजाऱ्याकडे काहीच नसते. त्याच्याकडे आजीने सांगितलेले असते. समितीने तिथे म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यायला हवेत, जुने सर्व्हेचे नकाशे स्वतः काढून पाहायला हवेत. पुरावा आणा, असे म्हणून फाइल बंद करणे म्हणजे तपासणी नव्हे.

आता राजकारणाकडे. कर्नाटकात 2021 च्या सप्टेंबरात नंजनगूड तालुक्यातले एक देऊळ प्रशासनाने पाडले. गदारोळ इतका झाला की त्याच महिन्यात सरकारने आधीपासून उभ्या असलेल्या धार्मिक बांधकामांना संरक्षण देणारे विधेयकच मंजूर करून घेतले. न्यायालयाने सांगितलेली एकेक प्रकरणाची तपासणी एका कायद्याने बाजूला सरली. महाराष्ट्रात उलट टोक दिसते. 22 मार्च 2023 रोजी गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे यांनी माहीमच्या समुद्रातल्या अनधिकृत बांधकामाची चित्रफीत दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते हटवले गेले. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या कबरीभोवतीचे वनजमिनीवरचे बांधकाम 10 नोव्हेंबर 2022 रोजी पाडले गेले. 1659 मध्ये खान मारला गेला ती तारीखही 10 नोव्हेंबर. दोन्ही ठिकाणी बांधकाम बेकायदा असू शकते, आणि प्रतापगडाबाबत न्यायालयाचे आदेशही होते. पण वर्षानुवर्षे हललेली नसलेली फाइल एका भाषणाने एका रात्रीत हलते, किंवा पाडण्यासाठी नेमका तोच दिवस निवडला जातो, तेव्हा पाहणाऱ्याला कायदा दिसत नाही. त्याला कोणाची तरी जीत आणि कोणाची तरी हार दिसते. पुढच्या वेळी पालिका खरोखर निःपक्षपातीपणे रस्ता मोकळा करायला जाईल, तेव्हाही तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याचे खरे मोल आहे.

13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या संदर्भात नीट वाचला पाहिजे. आरोपींची घरे पाडण्याच्या प्रकाराला आळा घालताना न्यायालयाने किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, लेखी कारणमीमांसा आणि अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी असे दंडक घातले. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामे या दंडकांतून वगळली. भरधाव रस्त्याच्या मधोमध कोणी खांब रोवला तर पंधरा दिवस थांबता येणार नाही, हे खरे. पण चाळीस वर्षे उभ्या असलेल्या देवळाला किंवा दर्ग्याला पंधरा दिवसांनी असा काय फरक पडतो? कायदा नोटीस मागत नसला तरी द्यावी, सुनावणी घ्यावी, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत हात आवरावा, असे माझे मत आहे. 16 एप्रिलला दोन शहरांत हात आवरणे तेवढे झाले नाही.

‘क’ वर्गाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तडजोडीची सगळी शक्यता तिथे आहे आणि तिथेच सर्वांत कमी काम झाले आहे. देव हलवणे आपल्याकडे अपूर्व नाही. उजनी धरण झाले तेव्हा पळसदेव गाव उठले, नव्या गावठाणात नवे देऊळ झाले, आणि पाणी उतरले की जुने हेमाडपंती देऊळ आजही उघडे पडते. मूर्तीतले देवत्व कलाकर्षणाने कलशात घेऊन नव्या जागी पुन्हा प्राणप्रतिष्ठा करण्याचा विधी पुरोहितांना माहीत आहे. जीर्णोद्धाराच्या वेळी तो होतच असतो. क्रॉस प्रार्थना म्हणून उचलता येतो आणि गल्लीतल्या एखाद्या घराच्या कुंपणात बसवता येतो. बुद्धमूर्ती सन्मानाने दुसऱ्या विहारात नेता येते. कबर मात्र हलवणे फार कठीण. तिथे माणूस पुरलेला आहे अशी श्रद्धा असते, आणि मशिदीबाबतही जागाच पवित्र मानली जाते. म्हणून ‘क’ वर्ग सर्व धर्मांना सारखा लागू केला तरी सारखा पडत नाही. अशा ठिकाणी रस्त्याची आखणी दोन मीटर सरकवता येईल का, कबर ठेवून भोवतीची शेड आणि खोल्या काढता येतील का, असे प्रश्न अभियंत्याला विचारावे लागतात. आणि स्थलांतर म्हणजे पर्यायी जागा. ती जागा पालिकेने आधी दाखवली, मोजून दिली, तिथे ओटा बांधून दिला आणि मग वस्तीशी बोलणे केले, तर लोक मूर्ती स्वतःच्या खांद्यावर नेतात. जागा नंतर बघू, आधी उचला, असे म्हटले की वस्ती रात्रभर पहाऱ्याला बसते.

पुढची प्रकरणे अशी लावली आहेत. पहिले सातबारा, मिळकत पत्रिका आणि विकास आराखडा कसा वाचायचा याचे आहे. ज्यांना निकालांतच रस आहे त्यांनीही ते टाळू नये. त्यानंतर वडोदऱ्यापासूनचे न्यायालयीन आदेश, मग समित्यांचे काम, आणि शेवटी ‘क’ वर्गातल्या जागांचा मोठा भाग. आपल्या प्रभागातली अ-ब-क यादी मागून घ्यायला वाचकाला जो अर्ज लागेल, त्याचा नमुनाही दिला आहे. ही यादी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर, जागेच्या गट क्रमांकासह आणि वर्ग ठरवल्याच्या कारणासह लावलेली असायला हवी. ती मिळेपर्यंत अर्ज करत राहावा.